घड्याळ म्हणतं, तुम्ही थकलात!

पत्र

नमस्कार. माझं वय 44, साताऱ्यात माध्यमिक शाळेत शिकवते. दोन वर्षांपासून पळते. गेल्या वर्षी सातारा हिल हाफ मॅरेथॉन धापा टाकत का होईना, पूर्ण केली. यंदा पुन्हा नाव घातलंय. पहाटे अंधारात निघून साताऱ्याजवळच्या यवतेश्वरच्या घाटात तासभर सराव करते, किलोमीटरला आठ मिनिटांच्या वेगाने, आणि धाव पळणाऱ्यांच्या ग्रुपवर टाकते. वाढदिवसाला मिस्टरांनी जीपीएसचं चांगलं महागातलं घड्याळ दिलं आणि तिथून सगळं बिनसलं. पळायला लागून दहा मिनिटं होत नाहीत तोच ते ठोके 172 दाखवतं, आणि मी तर शेजारणीशी गप्पा मारत पळत असते. घरी आले की म्हणतं, 72 तास विश्रांती घ्या. महिना झाला, 'अनप्रॉडक्टिव्ह' हा शेरा हटायला तयार नाही. झोपेला 54 गुण दिसले की ताजीतवानी उठलेली मी तिथेच गळून जाते. अंगात किती ताकद उरलीय याचाही ते 'बॅटरी' म्हणून शंभरपैकी आकडा देतं. मिस्टर रोज सकाळी माझ्या फोनमध्ये डोकावतात आणि म्हणतात, "बॅटरी 23 आहे तुझी, आज नको जाऊस."

ग्रुपवर विचारलं तर जितकी तोंडं तितकी मतं. एक काका म्हणतात, घड्याळ अंतर चुकीचं दाखवतंय, ड्युअल बँडचं घ्या. डॉक्टर मैत्रीण म्हणते, मनगटावरचे ठोके खोटे, छातीचा पट्टा घे. एक पोरगा म्हणतो, व्हीओटू मॅक्स (शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकतं तो आकडा) घसरतोय म्हणजे ट्रेनिंगच चुकतंय. एकीने घड्याळ विकून टाकलं, ती म्हणते सुटले बाई. मी काय करू? हातातल्या घड्याळाचा फोटो जोडलाय.

— एक वाचक, सातारा (नाव छापू नये)

उत्तर

ताई, सगळ्यात कामाची गोष्ट तुम्हीच लिहून गेलात आणि तुमचं तिकडे लक्ष नाही. "मी तर शेजारणीशी गप्पा मारत पळत असते." तुमच्या वयाच्या बाईचे ठोके खरोखर 172 ला पोचले असतील, तर सहसा गप्पा होत नाहीत. 'हो', 'नाही' आणि 'थांब' एवढंच तोंडातून निघतं. तेव्हा एक तर गप्पा खोट्या किंवा 172 खोटे. माझा तुमच्या गप्पांवर विश्वास आहे.

मग हे 172 आले कुठून? त्याचं उत्तर बहुतेक तुमच्या फोटोत आहे. घड्याळ मनगटाच्या बाहेरच्या हाडावर, त्या गोट्यावर टेकलंय. पट्टा इतका सैल आहे की खाली बोट सहज जाईल. आणि वरच्या अंगाला काचेच्या बांगड्या आहेत. पळताना त्या खाली येतात आणि दर पावलाला घड्याळाला टिचकी मारतात. घड्याळाच्या पाठीवर जो हिरवा दिवा लुकलुकतो, तो कातडीतून आत प्रकाश टाकतो आणि रक्ताची लाट आली-गेली की परत येणारा प्रकाश किती कमीजास्त होतो ते बघतो. ठोके मोजायची त्याची रीत एवढीच. घड्याळ सैल असेल तर हात हलला की प्रकाश हलतो, आणि हात हलतो पावलांच्या तालावर. पळणाऱ्याची पावलं मिनिटाला साधारण 160 ते 180 पडतात. घड्याळाला त्या गोंधळात सगळ्यात ठळक ताल दिसतो तो पावलांचा. तोच ते ठोके म्हणून छापतं. पळणाऱ्यांमध्ये याला 'केडन्स लॉक' म्हणतात (केडन्स म्हणजे मिनिटाला पडणारी पावलं) आणि ही तक्रार कोणत्याही कंपनीच्या घड्याळाबद्दल ऐकायला मिळते.

खात्री करून घ्या. पळून आल्यावर ॲपमध्ये दोन आलेख उघडा, एक ठोक्यांचा आणि एक केडन्सचा. दोन्ही रेषा एकाच उंचीवर हातात हात घालून चालल्या असतील तर चोर सापडला. दुसरी परीक्षा रस्त्यावरची: 172 दिसत असताना थांबा, मानेला दोन बोटं लावा, 15 सेकंद ठोके मोजा आणि चारने गुणा. लगेच मोजा, कारण थांबल्याबरोबर ठोके भराभर उतरतात. बोटांना 140 लागले आणि घड्याळ 172 म्हणत असेल, तर ग्रुपवर विचारायची गरजच नाही.

उपाय फुकटातला आहे. पळायच्या आधी घड्याळ त्या हाडाच्या वर, कोपराच्या दिशेला दोन बोटं सरकवा आणि पट्टा एक घर घट्ट करा. हात झटकला तर घड्याळ हलता कामा नये, पण बोटांना मुंग्याही येता कामा नयेत. घरी आलात की परत सैल करा. बांगड्या काढायच्या नसतील तर घड्याळ दुसऱ्या हातात घाला. कोणत्या हातात आहे ते सेटिंगमध्ये सांगता येतं. आणि पहिली पाच-सात मिनिटं अगदी हळू पळा. अंग गरम होऊन मनगटापर्यंत रक्त नीट खेळायला लागलं की दिव्यालाही बरं दिसतं.

आता बघा, या एका खोट्या आकड्याने केवढं रामायण घडवलंय. तुमच्या कमाल ठोक्यांचा आकडा घड्याळाने स्वतःच धरलेला असणार. बहुतेक ठिकाणी हिशेब 220 वजा वय असा सुरू होतो, म्हणजे तुमच्यासाठी 176. माणसामाणसात यात दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो, पण घड्याळाला ते कुठलं माहीत? त्याच्या लेखी ही बाई दहाव्या मिनिटाला 176 पैकी 172 वर पोचली आणि पुढे पाऊण तास तिथेच राहिली. म्हणजे मरणाचं पळाली. म्हणून 72 तास विश्रांती. शिवाय एवढे ठोके पडूनही वेग किलोमीटरला आठ मिनिटांचाच, म्हणजे हिची क्षमता घसरली. व्हीओटू मॅक्स थेट मोजायचा तर तोंडाला मुखवटा लावून श्वासातला प्राणवायू मोजावा लागतो. घड्याळ तो वेग आणि ठोके यांच्या जोडीवरून अंदाजाने काढतं. जोडीतला एक आकडा खोटा, मग अंदाज कसा खरा येणार? भार वाढलाय आणि क्षमता घसरलीय असं दिसलं, की त्याच्या कोष्टकात एकच शेरा उरतो: अनप्रॉडक्टिव्ह. तुम्ही शिक्षिका आहात. पेपर दुसऱ्याच मुलीचा आणि नापास तुम्हाला केलंय, असा प्रकार आहे हा.

म्हणून घड्याळाच्या आकड्यांची मनात दोन खणांत विभागणी करा. वेळ ते मोजतं. अंतर, पावलं आणि ठोकेही मोजतं, थोड्याफार चुका धरून. बाकीचं जे काही पडद्यावर येतं, म्हणजे विश्रांतीचे तास, क्षमता, बॅटरी, ताण, झोपेचे गुण, शर्यतीचा संभाव्य वेळ, ते सगळं अनुमान आहे. पहिल्या खणातलं रोज बघा. दुसऱ्या खणातलं महिन्यातून एकदा, तेही रेषा कुठे चाललीय एवढ्यापुरतं.

त्या पोराला सांगा, तुझंही चूक नाही, पण तुझा रस्ता सपाट असेल. ताई सराव करतात यवतेश्वरच्या घाटात. चढावर वेग पडणारच आणि ठोके चढणारच. चढ किती आहे हे घड्याळ हिशेबात धरायचा प्रयत्न करतं, पण सगळ्यांना ते सारखं जमत नाही. काही घड्याळांत 'ट्रेल रन' (डोंगरवाटेची धाव) निवडलं की ती धाव व्हीओटू मॅक्सच्या हिशेबातून वगळता येते. घाटातल्या दिवशी तेच निवडा. शिवाय दमट हवेत घाम नुसता गळतो, सुकत नाही; अंग थंड ठेवायला हृदयाला जास्त राबावं लागतं. त्याच वेगाला पाच-दहा ठोके जादा पडले तर त्यात ट्रेनिंगची चूक नाही, हवेचा गुण आहे.

काकांच्या मताशी मात्र मला जरा जास्त वेळ भांडायचंय, कारण हजारो रुपये त्यांच्या एका वाक्यावर जातात. स्पर्धेचं अंतर 21.0975 किलोमीटर. नियमाने मोजलेला मार्ग धावपटूला नियमात राहून धावता येईल अशा सगळ्यात जवळच्या रेषेने मोजतात, म्हणजे प्रत्येक वळणाची आतली बाजू धरून. मोजणी होते ती अंतर तपासून घेतलेल्या सायकलच्या चाकाने, आणि मार्ग चुकूनही कमी भरू नये म्हणून हजारी एक इतकी भर वरून घालतात. तुम्ही गर्दीत डावी-उजवी करत, पाण्याच्या टेबलाकडे वळत पळता. तुम्ही खरोखरच जास्त पळता! त्यात घड्याळाची चूक मिळाली की शेवटी 21.3 किंवा 21.4 दिसतं. हे अंतर चुकणं नव्हे. 21.09 वर घड्याळाने टाळी वाजवली आणि कमान अजून तीनशे मीटर लांब दिसली, की आयोजकांना शिव्या घालणारे लोक दर स्पर्धेला भेटतात.

घाटात चूक वाढते हे खरं. उपग्रह 20,000 किलोमीटर वरून फिरत असतात, आणि त्यांचा सिग्नल डोंगराच्या कड्यावर आपटून उशिरा पोचला की घड्याळ फसतं. एका अंगाला कडा असला की अर्धं आकाश झाकलेलं. ड्युअल बँड घड्याळ दोन वेगळ्या फ्रिक्वेन्सी ऐकतं, त्यामुळे आपटून आलेला सिग्नल त्याला बरा ओळखता येतो. उंच इमारतींच्या मुंबईत किंवा दाट झाडीत त्याचा फायदा दिसतो, नाही म्हणत नाही. पण तुम्हाला त्याने काय मिळणार? घाटातला किलोमीटर वीस मीटरने जास्त बिनचूक कळेल. त्यासाठी दुसरं घड्याळ घेऊ नका. सेटिंगमध्ये 'दर सेकंदाला नोंद' असा पर्याय असतो, तो चालू करा. कमी नोंदी झाल्या की नागमोडी वळणं कापली जातात. निघण्याआधी घड्याळ फोनशी जोडून घ्या, म्हणजे उपग्रहांची ताजी वेळापत्रकं त्यात येतात. आणि मग अंगणात मोकळ्या आकाशाखाली अर्धा-एक मिनिट उभं राहून सिग्नल पक्का होऊ द्या. बटण दाबून तसंच पळत सुटणाऱ्यांचा पहिला किलोमीटर शेजारच्या घरांवरून उड्या मारत गेलेला दिसतो.

ढगांमुळे जीपीएस चुकतं, असंही कुणीतरी म्हटलं असेलच. नाही चुकत. ढगातून सिग्नल आरपार येतो. त्रास देतात ती ओली दाट पानं आणि डोंगर. (सन 2000 च्या मे महिन्यापर्यंत अमेरिका नागरी सिग्नल मुद्दाम बिघडवून ठेवायची, शंभर मीटरपर्यंत चूक पडायची. त्या मानाने आज आपण वीस मीटरवरून रुसतोय.) पावसाचा खरा त्रास दोन ठिकाणी. एक, थेंब पडून टचस्क्रीन आपोआप चालते आणि धाव मध्येच बंद होते. पळताना टच बंद करून बटणांवर चालवा. दुसरं, घड्याळाच्या कडेला हवेचा दाब मोजण्यासाठी बारीक भोक असतं. त्यात घाम-पाणी साचलं की एकूण चढाई भलतीच दाखवते. साध्या पाण्याने धुवा. आत टाचणी घालू नका.

तुमची डॉक्टर मैत्रीण बरोबर आहे. छातीचा पट्टा हृदयाचे विद्युत संकेत पकडतो, म्हणून पळताना त्याची गाडी सहसा चुकत नाही. पण विकत घ्यायची घाई नको. तिच्याकडे असेल तर एका रविवारी मागून आणा, आतून पाण्याने ओला करा, स्पोर्ट्स ब्राच्या पट्टीखाली बसवा आणि नेहमीच्या रस्त्यावर पळा. मनगटावरचे घट्ट केलेले ठोके पट्ट्याच्या आसपास आले तर विषय मिटला. नाहीच आले, तर घ्या; नव्या घड्याळापुढे त्याची किंमत काहीच नाही. जिने घड्याळ विकलं तिच्याबद्दल मी बोलणार नाही. तिला जे आकडे छळत होते ते गेले, तिचं भलं झालं. तुम्हाला छळतोय तो घड्याळाचा सैल पट्टा.

आता घरचं. मिस्टरांनी एवढं महागाचं घड्याळ हौसेने दिलं, काळजीने आकडे बघतात, त्यांच्या मायेला मी नाव ठेवत नाही. पण एक विचारते. बॅटरी 23 आहे म्हणून आज पळायला जाऊ नकोस, असं ते म्हणतात. बॅटरी 23 आहे म्हणून आज डबे मी करतो, असं कधी म्हणाले का? सकाळी पाऊण तास ओट्याशी उभं राहायला जी बॅटरी पुरते, ती टेकडीवर जायलाही पुरेल. हे त्यांना चिडून सांगू नका, हसत सांगा, पण सांगा. आणि फोनमधलं डोकावणं बंद करायला सांगायचं असेल तर तेही सांगा. पळायला जायचं की नाही हे उठल्यावर तुमचे पाय सांगतील, आणि दहा मिनिटं हळू पळूनही अंग जड वाटलं तर तिथून परत फिरा. त्यात कमीपणा नाही.

झोपेच्या गुणांचं थोडक्यात. मनगटावरचं घड्याळ तुम्ही किती तास झोपलात हे बऱ्यापैकी सांगतं. गाढ किती, हलकी किती, स्वप्नाची किती, हे सांगताना अडखळतं, कारण ते ठरवायला प्रयोगशाळेत डोक्याला तारा लावून मेंदूच्या लहरी बघतात. झोपेच्या आकड्यांपायी झोप उडवून घेणारे लोक इतके झाले की 2017 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी त्या प्रकाराला 'ऑर्थोसोम्निया' असं नावच देऊन टाकलं. सकाळचा तो अहवाल सेटिंगमधून बंद करा. बंद करता येतो.

रात्री घड्याळ घालून झोपायचं एकच चांगलं कारण आहे, ते म्हणजे विश्रांतीतले ठोके. रात्री हात स्थिर असतो, म्हणून हा आकडा बऱ्यापैकी विश्वासाचा. रोज नाही, रविवारी आठवड्याची सरासरी बघा. पाळीच्या आधीच्या दिवसांत तो दोन-चारने वर असतो, ते नेहमीचंच आहे. जागरण, सर्दी, लग्नातलं जेवण, यानेही चढतो. पण काहीच कारण नसताना दोन-तीन आठवडे नेहमीपेक्षा सात-आठने वर राहिला आणि पायऱ्या चढतानाही दम लागत असेल, तर तेव्हा घड्याळाच्या सेटिंगशी खेळत बसू नका. रक्त तपासा: हिमोग्लोबिन, फेरिटीन (अंगातला लोहाचा साठा), थायरॉइड. बायकांमध्ये हिमोग्लोबिन 12 च्या खाली म्हणजे रक्तक्षय धरतात. चाळिशीत पाळी जास्त जात असेल तर लोह कधी संपलं ते कळतही नाही, आणि अशा बाईला ग्रुपवर लोक 'इंटरव्हल ट्रेनिंग वाढव' असा सल्ला देतात. पळताना छातीत दुखलं, चक्कर आली, ठोके वेडेवाकडे पडतायत असं वाटलं, तर घड्याळ काहीही म्हणो, थांबायचं आणि डॉक्टर गाठायचे.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी एक सांगायलाच हवं. तुम्ही पहाटे अंधारात निघता आणि धाव ग्रुपवर टाकता. त्या नकाशात तुमचं फाटक आणि निघायची वेळ दोन्ही दिसतात. 2018 च्या जानेवारीत स्ट्राव्हा या धावा नोंदणाऱ्या ॲपच्या जगभराच्या नकाशावरून सैन्यांचे तळ उघडे पडले होते, कारण सैनिक तळाभोवती पळत होते आणि घड्याळं नोंदत होती. ॲपमध्ये सुरुवातीचा आणि शेवटचा काही मीटरचा भाग लपवता येतो, आणि धाव फक्त ओळखीच्यांनाच दिसेल असंही करता येतं. हे आजच करा, पट्टा घट्ट करायच्याही आधी.

राहिली स्पर्धा. तुमचा मार्ग आधी घाट चढून कासच्या रस्त्याला लागतो आणि मग परत खाली येतो, त्यामुळे निम्म्यावर घड्याळातला सरासरी वेग बघाल तर धाबं दणाणेल. बघूच नका. त्या दिवशी पडद्यावर तीनच गोष्टी ठेवा: एकूण वेळ, चालू लॅपची (म्हणजे टप्प्याची) वेळ आणि ठोके. आपोआप लॅप बंद करा आणि रस्त्यावरच्या किलोमीटरच्या पाटीपाशी स्वतः बटण दाबा, म्हणजे घड्याळाचं अंतर काय म्हणतंय याच्याशी देणंघेणं उरत नाही. चढावर, शेजारणीशी तुटक का होईना बोलता येतंय तोवर ठीक. बोलणं बंद झालं की चाला. यवतेश्वरला भलेभले चालतात. उतारावर ठोके कमी दिसतील म्हणून सुसाट सुटू नका, तिथे मांड्या आणि गुडघे दमतात आणि ते कोणत्याच घड्याळात दिसत नाही.

आदल्या दिवशी चार्जिंगच्या पिना कोरड्या पुसून पूर्ण चार्ज करा. घामाचं मीठ राहिलं की त्या गंजतात. आणि नेमकं त्याच रात्री घड्याळ सॉफ्टवेअर अपडेट मागेल. देऊ नका.